बापामागं डोंगर चढताना

एक ससा मारून आणला तर घरातल्या सात-आठ माणसांच्या ताटात दोन-दोन फोडी पडतात. तेवढ्यासाठी रात्रभर वाघरी, म्हणजे सशाची जाळी, लावून थंडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात राबायचं. रानात जमीन असलेल्या घराला हा व्यवहार कधीच परवडणारा नव्हता. तरीही बालाघाटातल्या बापांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकारीला नेलं. कशासाठी नेत असतील? वडिलांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, वय वाढत चाललं तसा हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

बीड जिल्ह्यातलं आमचं धारूर हे याच डोंगराच्या काठावर बसलेलं गाव. आदिलशाहीच्या काळात किश्वरखानानं इथला किल्ला बांधून काढला. पुढं 1631मध्ये तो मोगलांनी घेतला आणि गावाला फतेहाबाद हे नावही मिळालं. किल्ल्यापलीकडं मुरमाड उतार, बोरी-बाभळी, घळी आणि सीताफळीची झाडं. ससा, तितर, हरीण, रानडुक्कर, कोल्हा, लांडगा ही इथली जुनी वस्ती. अण्णांचं लहानपण निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या वर्षांतलं. आजोबा त्यांना सशाच्या शिकारीला न्यायचे.

अण्णा त्या रात्रींबद्दल बोलतात तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. मेलेल्या सशाचं वर्णन ते कधीच करत नाहीत. वारा कुठून होता, कोणत्या घळीच्या तोंडाला वाघर लावली होती, लेंड्या ओल्या होत्या की वाळलेल्या, आजोबांनी हात वर केला तेव्हा सगळे कसे थिजले, हे सगळं ते काल घडल्यासारखं सांगतात. ससा मिळाला की नाही ते विचारावं लागतं. पुष्कळदा त्यांना आठवतही नाही.

घरात आजोबा फार बोलत नसत. बोलले तर हुकूमच. बैलाला पाणी दाव, चारा आण, शाळेत का गेला नाहीस. आमच्याकडच्या बहुतेक घरांत बाप आणि पोरगा समोरासमोर आले की मध्ये काहीतरी हिशेब असतो. मार्कांचा, पैशाचा, पुढं लग्नाचा आणि वाटणीचा. डोंगरात मात्र दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. आणि तिथं बापाला पोराची खरोखर गरज असते. वाघरीचं दुसरं टोक पोरानं धरायचं असतं, बापापेक्षा तिखट कानांनी पाला वाजलेला ऐकायचा असतो. "उगं बस, दम धर," एवढंच आजोबा म्हणत, पण ते बरोबरीच्या माणसाला म्हणावं तसं. बापाला आपला उपयोग आहे ही जाणीव दहा-बारा वर्षांच्या पोराला दुसरीकडं कुठं मिळत होती? माझ्या मते शिकारीतली खरी कमाई ही होती.

म्हणून बंदूक किंवा वाघर गेली तरी ही कमाई जायलाच हवी असं नाही. 1908 साली मुंबईच्या एका पोरक्या मुलानं एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे त्यानं मामाला विचारलं. मामा, अमिरुद्दीन तय्यबजी, स्वतः शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथं मिलार्ड साहेबांनी कपाटांतले भरून ठेवलेले पक्षी त्याच्यासमोर मांडले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. बापाच्या जागी असलेला एक मोठा माणूस, त्यानं हातात दिलेली बंदूक आणि मग त्यानंच दाखवलेली पुढची वाट. आपल्याकडं व्यंकटेश माडगूळकरही शिकारीच्या नादातून रानाकडं नुसतं पाहत बसण्याच्या नादाला लागले. माग काढण्याची सवय दोघांनीही सोडली नाही, मारणं तेवढं मागं पडलं.

आमच्या भागात हा बदल असा सावकाश झाला नाही. 1972 हे साल मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. विहिरींचे तळ उघडे पडले. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन राहिली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला. तो कायदा योग्यच होता. काळवीट आणि मोर आज आमच्या रानात दिसतात, पाटोदा तालुक्यातलं नायगाव मोरांसाठी अभयारण्य झालं, ते अशा कायद्यामुळंच शक्य झालं. अण्णांनीही वाघर माळ्यावर टाकली ती पुन्हा काढली नाही, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

मात्र ज्यांचं पोटच शिकारीवर होतं त्यांचं काय झालं हे विसरून चालणार नाही. फासेपारध्यांच्या पोरांनी फास विणणं, तितराची शीळ घालणं बापाकडूनच शिकलेलं. इंग्रजांच्या 1871च्या कायद्याच्या परंपरेनं पारध्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो शिक्का कागदावरून निघाला, वीस वर्षांनी धंदाही बेकायदा झाला. रान इतकं बारीक वाचता येणाऱ्या माणसांना त्या वाचनावर जगता येईल असं काम आपण दिलं नाही. तिथं बापाकडं पोराला द्यायची विद्या होती, तिला बाजारात किंमत उरली नाही.

आणि दुष्काळानं बाकीच्यांच्या घरात काय केलं? बाप उचलून नेला. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे आधीही होते, 1972 नंतर ती वाट रुंद झाली. उन्हाळ्यात-पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या कोपीत राहायचं, हंगाम संपून पट्टा पडला की परत यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. धारूर तालुक्यातली कितीतरी पोरं बापाला वर्षातले पाच-सहा महिनेच पाहत मोठी झाली, किंवा शाळा सोडून त्याच्यामागं फडात गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती हवीच, तिच्यानं शाळा टिकते. बापाची सोबत मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही.

ऊसतोडीच्या या कॅलेंडरात एक फट आहे आणि ती सीताफळाची आहे. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ दसऱ्याच्या आगेमागे तयार होतं, म्हणजे टोळ्या निघायच्या नेमक्या तोंडावर. शेळी पाला खात नाही म्हणून ही झाडं उघड्या डोंगरावर कोणी न राखता जगली. सीताफळ शोधणं हे शिकारीच्या फार जवळचं काम आहे. झाडावर पिकलं तर खारी आणि पाखरं खातात, कच्चं तोडलं तर ते दगडासारखं राहतं. डोळे रुंदावले, त्यांच्यामधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या झाल्या, की ते तोडायचं आणि घरी अढीत घालायचं. कोणत्या उतारावरचं आधी येतं, कोणत्या झाडाला पाऊस लागला की फळ काळं पडतं, हे बाप दाखवतो. उद्या-परवा गाडीत बसणारा माणूस पोराला घेऊन घळीत उतरतो, तेव्हा ते नुसतं फळं गोळा करणं नसतं. सहा महिन्यांची सोबत दोन सकाळींत उरकायची असते.

अण्णा ऊसतोडीला गेले नाहीत. आमची विहीर तगली म्हणून. हे नशीब मला नीट कळायला पन्नाशी गाठावी लागली. डुकरांनी भुईमुगाचा फड उकरू नये म्हणून आम्ही जागलीला जायचो, तेव्हा ते शेजारी आहेत यात मला काही विशेष वाटत नसे. आता त्यांचे गुडघे घाट चढू देत नाहीत. मी त्यांना मोटारसायकलवर पायथ्यापर्यंत नेतो, मग पायवाटेनं थोडं हळूहळू. लांबून फळाचे डोळे दिसत नाहीत त्यांना. मी फांदी वाकवून धरतो, ते बोटानं चाचपतात आणि सांगतात, "हे नाही. वरचं बघ." वरचं तयार असतं. आजोबांनी वाघरीचं टोक अण्णांच्या हातात दिलं, तसं आता फांदीचं टोक माझ्या हातात आहे. बापाला माझी गरज आहे, आणि मला काय तोडावं हे अजून त्यांनाच विचारावं लागतं. दोघांनाही कमीपणा न येता म्हाताऱ्या बापाबरोबर वेळ घालवायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. खाटेशेजारी बसून औषधांच्या वेळा विचारणं हे कर्तव्य झालं, सोबत नव्हे.

वडील गेल्यावर आपण त्यांचे फोटो मोठे करून लावतो. त्यांना माहीत असलेली पायवाट, झरा कोणत्या दगडाखालून फुटतो, तितर कुठं घालतं अंडी, हे फोटोत येत नाही आणि दुसऱ्या कोणाला विचारूनही मिळत नाही. ते त्यांच्याबरोबर चालूनच मिळतं, आणि चालण्याची मुदत त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

पुण्याहून, मुंबईहून दिवाळीला गावी आलेल्या वाचकांना म्हणूनच सांगायचं आहे. वडील चार पावलं चालू शकत असतील तर त्यांना रानात घेऊन जा, आणि वाट त्यांना दाखवू द्या. हा अंक पुढच्या महिन्यातही वाचता येईल, घाटातलं सीताफळ तोवर संपलेलं असेल.