तोलाईदाराचा वाटा

औषध कंपन्या आणि डॉक्टर यांच्या संबंधांचा विषय निघाला की आपली चर्चा पेन, डायऱ्या आणि परदेशवाऱ्यांभोवती फिरते. २०२४ मध्ये केंद्राने औषधविक्रीची आचारसंहिता आणली तेव्हाही तेच झाले. भेट घेतली तो पापी, नाही घेतली तो पुण्यवान. हा हिशेब सोपा आहे आणि उथळही. एक पेनसुद्धा न घेणारा सरकारी संशोधक त्यात कुठेच बसत नाही.

कोव्हॅक्सिनचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा करून दिला, हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली. सुरुवातीच्या चाचण्यांच्या बारा केंद्रांपैकी एक बेळगावात होते, एक गोव्यात पेडणे तालुक्यात. आमच्या गडहिंग्लजहून दोन्ही फार लांब नाहीत. तीच लस मी टोचून घेतली, त्याचा पश्चात्ताप नाही. तक्रार लसीबद्दल नाहीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी ३५ कोटी रुपये दिले, आणि निव्वळ विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन मिळवले. जानेवारी २०२२ अखेर ते १७१.७६ कोटी झाल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. 'लॅन्सेट'मधल्या या चाचणीच्या निबंधाच्या लेखकांत कंपनीचे संस्थापक आणि परिषदेचे तेव्हाचे महासंचालक एकाच यादीत आहेत.

सगळ्या कंपन्या लुटारूच, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. महामारीत नियम कसले, हे म्हणणे तर एचपीव्ही लसीच्या प्रकल्पावरून संसदीय समितीने महामारीच्या कितीतरी आधी, २०१३ मध्येच, परिषदेला हितसंघर्षाबद्दल धारेवर धरले होते, याचा विसर पडल्याचे लक्षण.

एक युक्तिवाद मात्र मला सोडवत नाही, कारण तो सज्जन माणसे करतात: पैसा कुणाच्या खिशात गेला नाही, सरकारी संस्थेत आला, देशाचा पैसा देशाला मिळाला, मग हितसंघर्ष कुठला? जनतेच्या पैशातून झालेल्या शोधाचा मोबदला जनतेला मिळावा, हे मलाही मान्य आहे. पण स्वतःसाठी घेणारा निदान लपवतो, त्याला लाज असते. संस्थेसाठी घेणाऱ्याला स्वतःचा संशयच येत नाही. खिशाचा लोभ कधीतरी भरतो. संस्थेचा लोभ कर्तव्याचे नाव लावून येतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही.

शिवाय नुकसान केवळ पैशाचे नसते. २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या तक्रारींवर निबंध लिहिला. तुलनेसाठी लस न घेतलेला गटच त्यात नव्हता. परिषदेने तीव्र आक्षेप घेतला आणि पुढे नियतकालिकाने निबंध मागे घेतला. आक्षेप माझ्या मते बिनतोड होता. पण तो कोण घेत होते? विक्रीतला वाटेकरी. त्यामुळे खरे बोलणेही मालकाच्या वकिलीसारखे ऐकू आले. हितसंघर्ष खोटे बोलायला लावतोच असे नाही. तो खऱ्याची पत घालवतो.

आमच्या बाजार समितीत मिरचीचे पोते काट्यावर चढते तेव्हा शेतकरी तोलाईदाराच्या डोळ्यांत सचोटी शोधत बसत नाही. या मालात त्याची भागी नाही, एवढे त्याला पुरते. तोलाईदार देवमाणूस असेल, पण भागी असली तर काटा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. त्यात त्याचा अपमान नाही.

म्हणून स्वामित्वधन घ्यावे, पण ते थेट केंद्राच्या तिजोरीत जावे, आणि दुष्परिणामांचा निवाडा त्यात वाटा नसलेल्यांनी करावा. प्रामाणिकपणा माणसाचा असतो, तटस्थता जागेची. माझ्या माहितीतले बहुतेक सरकारी संशोधक पहिल्या कसोटीला उतरतील. दुसरी कसोटी त्यांची नाहीच. ती त्यांना त्या जागी बसवणाऱ्यांची आहे.