भोक पडलेले की पाडलेले?

आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातले, धाम नदीकाठचे गाव. अशा गावात जुने घर उतरवायला काढले की माळ्यावरचे पितळ खाली येते. गुंड, गडवे, कोपर, बंगईच्या कड्या यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. अडते ते एखाद्या पातळ, अर्धगोल वाटीपाशी. तिच्या बुडाला बरोबर मध्यावर सुई जाईल एवढे भोक असते. मुलगा म्हणतो, फुटकी आहे, मोडीत द्या. आजी म्हणते, देवाची असेल, राहू द्या. मोड घेणारा मुकाट्याने तराजू पुढे करतो. या सगळ्यांत त्याचाच प्रश्न सोपा.

भोक झिजून पडले असेल तर त्याची कड वेडीवाकडी असते. मुद्दाम पाडलेले भोक गोल असते आणि नेमके तळाच्या मध्यावर येते. तसे असेल तर शक्यता मुख्यतः दोन. एक अभिषेकपात्र, शंकराच्या पिंडीवर टांगून थेंबथेंब धार धरायचे. त्याला काठाशी साखळीसाठी कड्या किंवा कड्यांची भोके असतात, नाहीतर ते तिवईवर बसवतात. दुसरे घटिकापात्र. ते पाण्यावर तरंगत सोडायचे, भोकातून पाणी आत चढते आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, ते बुडते. दिवस-रात्र मिळून अशा ६० घटका. या पात्राला कड्या नसतात आणि गोल बुडामुळे ते जमिनीवर धड बसतही नाही.

काठावर हळदीकुंकू दिसले म्हणून निकाल लागला असे मात्र नाही. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिका सोडत, तेव्हा आधी तिचीही पूजा होत असे.

गंमत अशी की दोन्ही पात्रांचे सगळे काम जे तिथे नाही त्यावर चालते. धातू कितीही चोख असो, ते भोक बुजले की पात्र निकामी. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत पदार्थ सहा होते. पुढच्या आचार्यांनी ‘अभाव’ हा सातवा मानला. शिवादित्याच्या ग्रंथाचे तर नावच ‘सप्तपदार्थी’. नसणे हाही जगाच्या यादीतला एक पदार्थ, हे वाचताना पंडिती कीस वाटतो. ही वाटी हातात घेतली की तसा वाटत नाही.

मग तिची ओळख ठरवायची कशावरून? भागवताच्या तिसऱ्या स्कंधात माप दिले आहे: सहा पळे वजनाचे तांबे, आणि चार मासे सोन्याच्या चार अंगुळे लांब सळईने पाडलेले छिद्र. सोन्याची सळई हाताशी नसलेल्या कासाराने काय करायचे? भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) असली मापे बाजूला सारली. त्यांना ती अवघडही वाटली आणि निराधारही. त्यांचे म्हणणे सरळ होते: पात्र एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि ६० ला त्या संख्येने भागा. त्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नघटिकेत मोती अडकून मुहूर्त टळल्याची गोष्ट मराठी घरांत सर्वतोमुखी आहे. पण ती भास्कराचार्यांच्या लेखनात नाही, अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये त्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यातून ती पसरली. खऱ्या भास्कराचार्यांचा हा भागाकार त्या मोत्याहून मोलाचा आहे.

बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनाही ही रीत पटली असती. जे काही कार्य करते तेच खरे, ही त्यांची कसोटी. पण इथे एक पेच आहे. अभिषेकपात्राच्या कड्या काढून ते पाण्यात सोडले तर तेही काही वेळाने बुडणारच. मग ते घड्याळ झाले का? भास्कराचार्यांच्या हिशेबाने झाले. घडवणाऱ्याच्या मनात काय होते हे पाणी सांगत नाही, ते कड्यांच्या खुणांवरूनच ताडावे लागते.

आजीचा प्रश्न याहून वेगळा. पिढ्यानपिढ्या देवघरात पूजलेली वाटी घटिका निघाली, तर ती पूजा वाया गेली का? यज्ञातल्या साळीवर पाणी शिंपडतात, त्याने दाण्यांत काही नवे येते का, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. मीमांसक म्हणत, संस्कार दाण्यावर होतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उलट बाजू घेतली: फळ देणारे अदृष्ट शिंपडणाऱ्याच्या आत्म्यात राहते, दाण्यात नाही. उदयनाचार्यांचे मानले तर आजीचे काहीच बुडत नाही. वाटी काय होती हे शोधणे आणि ती पूजावी का हे ठरवणे, ही दोन कामे आहेत. पहिल्याचा निकाल दुसऱ्यावर लादायचे कारण नाही. मोडीत देण्याची घाई मात्र दोन्हींच्या आड येते.

पहिल्या कामाला बादलीभर पाणी आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. वाटी चिंचेने घासू नये, भोकात सुई तर मुळीच घालू नये. छिद्र केसभर रुंदावले तरी वेळ बदलते. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आत धरला असेल तर वाटी उशिरा बुडेल; तो साध्या पाण्याने सुटत नाही, म्हणून मोजताना तेवढी सूट धरावी. समजा, वाटी दर खेपेला २० मिनिटांत बुडाली. म्हणजे दिवसाला ७२ खेपा, आणि ६० भागिले ७२ म्हणजे पाच षष्ठांश घटका. भास्कराचार्यांनी तिला बिघडलेली म्हटले नसते. पाच षष्ठांश घटकेचे पात्र म्हणून वापरायला घेतले असते.