न सांगितलेलं मीठ

दर्यापूरच्या माणसाला मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते घशाखाली उतरत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शहानूर धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी इथल्या बायकांनी किती पायपीट केली, ते जुन्या माणसांना विचारावं. याच खाऱ्या पाण्याने इतिहासही घडवला. १९३० साली, समुद्र शेकडो मैल दूर असताना, अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडाने सरकारचा मिठाचा कायदा मोडला.

आणि याच पट्ट्यात ‘किडनीचा पेशंट’ हा शब्द घरोघर पोचला आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी अमरावती नाहीतर अकोला गाठणारी माणसं इथे आहेत. म्हणून मासळीत घातल्या जाणाऱ्या मिठांचा प्रश्न, किनारा इतका लांब असूनही, या भागाला टाळता येणारा नाही.

वऱ्हाडात मासळी म्हटली की पूर्वी दोनच चित्रं होती: नदी-तलावातून भोई बांधवांनी आणलेली ताजी मासळी, आणि आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेले झिंगे नि बोंबील. बोंबील तर किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर नुसत्या वारा-उन्हात वाळतो, बहुतेकदा मीठही न लावता. आता गोठवलेली सोललेली कोळंबी आणि बासाचे पांढरे काप जिल्ह्याच्या गावांतल्या हॉटेलांत आणि लग्नाच्या पंगतीत आले आहेत. गोठवण्याआधी असा माल अनेकदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. रसायनशास्त्राच्या भाषेत हेही एक मीठच. ते मांसातल्या प्रथिनांना पाणी धरून ठेवायला लावतं. गोठवताना आणि वितळताना रस गळून जात नाही, मासा मऊ राहतो. प्रमाण वाढवलं तर वजनही वाढतं, आणि गिऱ्हाईक मासळीच्या भावाने पाणी विकत घेतं. कोळंबी काळी पडू नये म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो.

ही मिठं विष आहेत का? नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या भीतीच्या संदेशांना इथे थारा देऊ नये. युरोपीय संघाने गोठवलेल्या मासळीत किलोमागे ५ ग्रॅमपर्यंत फॉस्फेट घालायला मुभा दिली आहे (मोजमाप फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात). निरोगी माणसाचं मूत्रपिंड जादा फॉस्फरस बाहेर टाकतं. पण युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली फॉस्फेटांचा फेरआढावा घेतला, तेव्हा शरीराच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा ठरवतानाच एक गोष्ट लिहून ठेवली: ज्यांच्या मूत्रपिंडाचं काम मध्यम किंवा तीव्र प्रमाणात मंदावलं आहे, त्यांना ही मर्यादा लागू नाही.

दर्यापूरच्या दृष्टीने सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. किलोमागे ५ ग्रॅमच्या हिशेबाने पाव किलो कोळंबीतून अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त वरून घातलेला फॉस्फरस पोटात जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिवसभरात मिळून ८०० ते १,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलेलं असतं. शिवाय मांस-मासळीतला मूळचा फॉस्फरस शरीर साधारण निम्मा शोषतं, वरून घातलेला जवळजवळ सगळा. कायद्याने सुरक्षित ठरलेलं ताट या माणसापुढे आलं, तर सुरक्षित कुणासाठी, हे विचारावंच लागतं. आणि इथून पुढे हा प्रश्न प्रयोगशाळेचा राहत नाही, धर्माचा होतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला लावतो. सकाळी मीठ दिसत नाही, हाताला लागत नाही. वरून, मधून, तळातून चाखलं की ते आहे हे कळतं. डोळ्यांआडचं सत्य बाप मुलाला जिभेवरून ओळखायला शिकवतो. कोळंबीतल्या फॉस्फेटपुढे हा मार्ग बंद आहे. ठरलेल्या प्रमाणात ते जिभेला कळत नाही. कढईत पांढुरकं पाणी सुटलं म्हणून तर्क करावा, तर ते पाणी वरच्या बर्फाचंही असू शकतं. प्रत्यक्ष थकलं, अनुमान थकलं. उरला फक्त शब्द, म्हणजे सांगणाऱ्याचं सांगणं. न्यायदर्शनाने शब्दाला ज्ञानाचं साधन मानलं खरं, पण सांगणारा आप्त असला पाहिजे ही अट घातली. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणारा.

आपल्या बाजारात ही अट कुठे पुरी होते? सीलबंद पाकिटामागे बारीक अक्षरात ‘४५१’ असा या फॉस्फेटाचा सांकेतिक आकडा असतो. नियम पाळला गेला, पण ज्याला तो आकडा वाचायचा आहे त्याला काही सांगितलं गेलं, असं म्हणवत नाही. सुट्या विकलेल्या मालावर आणि पंगतीतल्या वाडग्यावर तेवढाही आकडा नसतो.

मिठाच्या शुद्धतेचा विचार आपल्या धर्मपरंपरांनी पुष्कळ केला आहे. उपवासाला सैंधव चालतं, साधं मीठ अनेक घरांत चालत नाही. जैन आचारात कच्चं मीठ सचित्त, म्हणजे सजीव पृथ्वीकाय. ते भाजून घेतल्यावरच साधूला कल्पतं. हे नियम खाणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेले आहेत. देणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल जास्त स्पष्ट बोलते ती हदीसमधली धान्याच्या ढिगाची गोष्ट. प्रेषित मुहंमदांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. भिजलेलं धान्य विकू नकोस, असं प्रेषितांनी म्हटलं नाही. लोकांना दिसेल असं ते वर का ठेवलं नाही, एवढंच विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं तोडलं. गोठवलेल्या कोळंबीला हा न्याय जसाच्या तसा लागू पडतो. कौटिल्यानेही धान्य, तेल-तूप, मीठ, औषध यांत तशाच रंगाची वस्तू मिसळणाऱ्याला १२ पण (त्या काळचं नाणं) दंड सांगितला आहे. दिसत नाही अशी भेसळ त्यालाही जास्त खटकली असावी.

दर्यापूरच्या शेजारी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांना मांसाहारच मान्य नव्हता, तेव्हा मासळीच्या बाजूने त्यांचा दाखला देणं अन्यायाचं होईल. पण कीर्तनात ते समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. न विचारता कशावरही विश्वास ठेवू नये, ही सवय त्यांनी याच मातीला लावली. तीच सवय आता मासळीच्या गाड्यावर आणि आचाऱ्यासमोर हवी आहे.

सगळ्यांनी गोठवलेली मासळी सोडावी, असं इथे म्हणणं नाही. विक्रेत्याचीही अडचण खरी आहे. त्याला वरून पाकीट जसं येतं तसं तो विकतो. पण घाऊक व्यापाऱ्याने सुट्या मालासोबत मराठीत एक ओळ पाठवली, ‘यात फॉस्फेट आहे, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी खाऊ नये’, तर त्याला एका कागदाचा खर्च येईल. तसं होईपर्यंत ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पाकिटावर ३३९, ४५०, ४५१, ४५२ हे फॉस्फेटांचे आकडे शोधावेत, पंगतीत गोठवलेली कोळंबी त्याच्या ताटात वाढू नये, आणि मासळी किती खायची हे डॉक्टरांना विचारून ताजी घ्यावी, तीही आपल्या डोळ्यांदेखत कापून.