उंबरठ्यावरचा जीव



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या मोहल्ल्यातील एक रिक्षाचालक बंधू इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर घुटमळत उभे होते. त्यांची अकरावीत शिकणारी मुलगी कल्याण–बदलापूर रस्त्यावर वाहनाखाली सापडलेले एक कुत्रे घरी घेऊन आली, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. पाठीचा कणा मोडल्यामुळे त्याचे मागील पाय कायमचे निकामी झालेले. त्या दिवसापासून दादीअम्मांनी लेकाच्या घरी पाणी पिणे सोडले. शेजारच्या गल्लीत राहूनही त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नव्हत्या. "मौलाना, मुलीचे ऐकू की आईचे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी घाईत होतो. म्हणालो, "ज्या घरात कुत्रे असते तिथे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत. ते कुठेतरी सोडून या." ते मान खाली घालून निघून गेले. मी सांगितलेली हदीस खरी होती, पण ती अर्धवट ज्ञानाने आणि पूर्ण बेफिकिरीने सांगितली गेली होती. जे जनावर चालू शकत नाही, ज्याला आपले मूत्रही आपण सोडता येत नाही, ते 'कुठेतरी' सोडणे म्हणजे काय, हा विचार मला घरी पोहोचल्यावर सुचला. त्या रात्री मी पुन्हा किताबे उघडली. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यासमोर मांडतो.

प्रथम कुरआनकडे वळू. सूरह कहफमध्ये ईमान वाचवण्यासाठी गुहेत आश्रय घेतलेल्या तरुणांचा वृत्तान्त आहे. त्यांच्यासोबत एक कुत्रे होते. अठराव्या आयतीत अल्लाहने त्याचे बसणेसुद्धा वर्णिले आहे: पुढचे पाय पसरून, गुहेच्या उंबरठ्यावर. पुढे बाविसाव्या आयतीत लोक त्या तरुणांच्या संख्येवरून वाद घालतात. कोणी तीन म्हणतो, कोणी पाच, कोणी सात. परंतु प्रत्येक मोजणीत शेवटी त्या कुत्र्याची गणना आहेच. सत्पुरुषांच्या सोबतीने एका मुक्या जिवाला हे स्थान मिळाले. त्याची जागा मात्र उंबरठा होती, हेही लक्षात ठेवा. पुढील सर्व विवेचन याच दोन गोष्टींभोवती फिरणार आहे.

आता हदीस पाहू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून कथन आले आहे. तहानलेल्या एका वाटसरूने विहिरीत उतरून पाणी प्यायले. वर येताच त्याला तहानेने ओली माती चाटणारे कुत्रे दिसले. तो पुन्हा उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरला, दातांत धरून वर चढला आणि त्या जिवाला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी नवलाने विचारले, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उत्तराचा आशय असा, की ज्याच्या ठायी प्राण आहे अशा प्रत्येक जिवाच्या सेवेत पुण्य आहे. एका मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीच्या शिक्षेचा वृत्तान्तही याच दोन संग्रहांत आहे.

परंतु त्याच प्रेषितांनी (स.) शिकार, गुरे आणि शेती यांच्या गरजेवाचून कुत्रे पाळणाऱ्याच्या सत्कर्मांतून दररोज घट होते, असेही बजावले आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुण्याचा आदेश दिला आहे. दयेची हदीस स्वीकारून ही बाजूला ठेवणे, किंवा ही पुढे करून दया विसरणे, हे दोन्ही दीनचे तुकडे करणे होय. मी त्या रात्री दुसरी चूक केली होती.

फरिश्त्यांविषयीच्या हदीसचा अर्थ लावताना इमाम खत्ताबी (रह.) म्हणतात की ती मनाई असलेल्या, म्हणजे विनाकारण पाळलेल्या कुत्र्यांपुरती आहे. इमाम नववी (रह.) यांना ती सर्वच कुत्र्यांना लागू वाटते. मतभेद आहे, आणि तो थोरामोठ्यांतील आहे. आपल्या भागातील कोकणी मुस्लिम घराणी शाफई मसलकची आहेत. त्यांच्याकडे कुत्र्याचे संपूर्ण शरीर नापाक मानले जाते. हनफी मतानुसार लाळ नापाक आहे, सुके अंग लागल्याने कपडा नापाक होत नाही. दादीअम्मांचा आग्रह हट्ट नव्हता. लहानपणापासून शिकलेल्या पाकीची ती राखण होती.

आणि आता त्याच शाफई परंपरेतील एका थोर आलिमचे म्हणणे ऐका. सन 1262 मध्ये निधन पावलेले इमाम इज़्ज़ुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क एकेक करून मोजले आहेत. त्यांत त्यांनी स्पष्ट केले आहे, की जनावराचा खर्च मालकाने उचलावा, मग ते म्हातारे किंवा आजारी होऊन त्याचा काहीही उपयोग उरलेला नसो. बंधूंनो, आपण माणसांनासुद्धा उपयोगावरून मोजू लागलो आहोत. त्या काळात हे वाक्य आपल्याला सात शतकांपूर्वीचे वाटते की उद्याचे?

माझी समजूत अशी झाली की, मनाई शौक आणि प्रतिष्ठेसाठी कुत्रे पाळण्याची आहे. जखमी जिवाची शुश्रूषा ही वेगळी बाब आहे. हा फतवा नव्हे. आपल्या मसलकच्या मुफ्तींना अवश्य विचारा. तीन दिवसांनी मी स्वतः त्या बंधूंच्या घरी गेलो आणि आधी माझे शब्द परत घेतले.

मुलगी काय करते ते मी पाहिले. दिवसातून तीनदा हातमोजे घालून ती त्या कुत्र्याचे पोट दाबून मूत्राशय रिकामे करते. तसे न केल्यास मूत्र साचून जंतुसंसर्ग होतो. एका कुशीवर पडून जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने त्याची कूस बदलते. दर वर्षी रेबीजची लस टोचून घेते. वडिलांनी प्लास्टिकच्या नळ्या व जुनी चाके जोडून एक गाडी तयार केली आहे. तिच्यात मागचा भाग अडकवला, की ते अंगणात पुढच्या दोन पायांवर धावते.

त्या अंगणातच आम्ही व्यवस्था ठरवली. कुत्र्याची जागा दाराबाहेर, पत्र्याच्या आडोशाखाली. त्याचे भांडे वेगळे. सेवेचे कपडे वेगळे, नमाजचे वेगळे. ओला स्पर्श झाला तर शाफई पद्धतीने सात वेळा धुणे, त्यात एकदा मातीमिश्रित पाण्याने. घराच्या आत प्रवेश नाही. अशाने इमाम नववींचे मत मानणाऱ्या दादीअम्मांचे घरही सुरक्षित राहिले आणि तो जीवही.

आणखी दोन गोष्टी मी बजावल्या, त्या आपणही ध्यानी घ्याव्यात. पहिली, हक्कांचा क्रम असतो. आईवडिलांचे औषध, मुलांची फी, उपाशी शेजारी यांना मागे सारून जनावरावर खर्च करणे ही दया नव्हे. दुसरी, प्राणरक्षण हे शरीअतचे उद्दिष्ट आहे. कोणतेही कुत्रे चावले अथवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. झाडपाला, हळद, मिरचीत वेळ घालवू नका.

दादीअम्मा अजून पूर्ण राजी नाहीत. पण ईदच्या आदल्या दिवशी त्यांनी नातवंडाच्या हाती एक गाठोडे पाठवले. आत त्यांच्या जुन्या सुती साड्या होत्या, धुऊन घडी घातलेल्या. निरोप होता: "त्याच्या अंगाखाली घाला, सुताने जखम होत नाही." आणि ईदच्या दिवशी त्या अंगणाच्या दुसऱ्या कडेने, पदर सावरत, लेकाच्या घरात गेल्या. दोन वर्षांनी त्यांनी तिथे पाणी प्यायले.

प्रिय वाचकहो, आपल्या दारातही एखादा जीव पडलेला असेल. तो कुत्रेच असेल असे नाही. अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील, चालू न शकणारे मूल असेल. मसला विचारणाऱ्याला उत्तर देण्याआधी, एकदा त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन या. ही नसीहत प्रथम माझ्यासाठी आहे.

हे अल्लाह, आम्हाला पाकीची शिस्त आणि दयेची समज दोन्ही एकत्र दे. ज्याने त्या तहानलेल्या जिवासाठी विहिरीत उतरणाऱ्याला क्षमा केली, त्या तुझ्याच क्षमेची आम्हाला आस आहे. आमीन.