हाड जुळल्यानंतर

कॉलरबोन मोडलेल्या सायकलवाल्याला त्याचे मित्र एक फोटो हमखास पाठवतात. मला तो तीन जणांनी पाठवला. फोटो १९५६ सालच्या जिरो दि'इतालिया शर्यतीतला. फिओरेंझो माग्नी नावाचा पस्तिशीचा इटालियन सायकलपटू चढ चढतोय आणि त्याच्या दातांत रबराची पट्टी आहे. पट्टीचं दुसरं टोक हँडलला बांधलेलं. शर्यतीतच पडून त्याचं डावं कॉलरबोन मोडलं होतं. त्या हातानं हँडल ओढता येईना, म्हणून मेकॅनिकनं ट्यूब कापून दिली आणि हा गडी दातांनी हँडल ओढत सान लुकाचा चढ चढला. पुढं पुन्हा पडला, तेव्हा दंडाचं हाडही मोडलं. तरी शर्यत पूर्ण केली आणि एकूणात दुसरा आला.

फोटोखाली मित्रांचा मजकूर साधारण एकच: 'बघ, आणि लाग कामाला.'

फोटो बघून अंगावर काटा येतो हे खरं. पण लगेच प्रश्न पडतो, की आपण दाद नक्की कशाला देतोय? दुखणं सोसण्याला म्हणावं, तर दाढ ठणकत असताना दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या बाईला कुणी दाद देत नाही. जिंकण्याला म्हणावं, तर त्या वर्षी जिंकला शार्ली गॉल, आणि त्याचा फोटो मला एकानंही पाठवला नाही.

दुसरं उदाहरण टायलर हॅमिल्टनचं. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच टप्प्यात पडून त्याच्या कॉलरबोनला तडा गेला. त्याच अवस्थेत त्यानं तीन आठवडे शर्यत काढली, एक टप्पा जिंकला आणि चौथा आला. तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली. पुढच्याच वर्षी दुसऱ्याचं रक्त चढवल्याच्या चाचणीत तो सापडला आणि २०११ मध्ये त्यानं डोपिंगची जाहीर कबुली दिली. हाडाचा तडा खरा होता, कळाही खऱ्या होत्या. त्या सोसणाऱ्याला इतर बाबतीत सरळ वागता येईलच असं मात्र काही नव्हतं. म्हणजे वेदना सोसणं हा सद्गुण, की मोठ्या फुप्फुसांसारखी नुसतीच क्षमता? माझं मत क्षमतेकडे झुकतं.

माझी गोष्ट या दोघांपुढं किरकोळ आहे. जुलैमध्ये पन्हाळ्याहून परत येताना, वाघबीळ सोडून केर्लीच्या दिशेनं, एक कुत्रं उसातून थेट चाकापुढं आलं. वेग बेताचा, डोक्यावर हेल्मेट. रस्ता ओला. डाव्या खांद्यावर पडलो आणि उठायच्या आधीच कळलं, की काहीतरी जागेवर नाही. एक्स-रेत हाड मध्यावर मोडलेलं दिसलं. बहुतेकांचं तिथंच मोडतं. टोकं फार सरकली नव्हती, त्यामुळं प्लेट-स्क्रूची भानगड टळली आणि हात झोळीत गेला.

हे हाड विचित्र आहे. गर्भात सगळ्यात आधी हाडपण येतं ते यालाच, आणि पूर्ण पक्कं होतं ते पार पंचविशीच्या आसपास. हाताला धडाशी जोडणारा हाडाचा एकमेव दुवा हाच. म्हणून ते मोडलं, की हाताला काही झालेलं नसूनही हात निकामी होतो. खोकताना दुखतं. कुशीवर वळता येत नाही. मी एका पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करतो. उजव्या हातानं एकट्यानं कोड लिहायची सवय चार दिवसांत झाली. शर्ट घालायची शेवटपर्यंत झाली नाही. आधी डावा हात बाहीत सोडायचा, मग उरलेला शर्ट पाठीमागून फिरवून घ्यायचा. हे दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. आमच्या घरी 'दुसरं कुणीतरी' म्हणजे आई.

बारा आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, जुळलेल्या जागेवरचा गठ्ठा दाखवला आणि 'चालवा आता' म्हणाले. मोडलेलं हाड पुन्हा जुळलं की आधीपेक्षा मजबूत होतं, असं लोक सांगतात. तसं काही नाही. काही महिने त्या जागी जास्तीचं हाड साचलेलं असतं, मग शरीर ते हळूहळू घासूनपुसून मूळ बेतावर आणतं. शेवटी उरतं ते साधारण आधीसारखंच हाड, वरून एक उंचवटा.

घरातल्या ट्रेनरवर काही अडचण आली नाही. दम गेला होता, पण तो कसा परत मिळवायचा हे आकड्यांत मांडता येतं आणि आकड्यांशी माझं जमतं. अडलं ते रस्त्यावर. शिवाजी पूल ओलांडला, की दोन्ही बाजूंच्या उसात काहीतरी हललं असं वाटायचं. उतारावर बोटं ब्रेकवरून निघेनात. सोबतचा मित्र म्हणाला, "भीती काढून टाक डोक्यातनं, काय होत न्हाई." मी विचार करत राहिलो, की काढून टाकायची म्हणजे काय?

कारण हिशोब केला तर रस्त्यावर काहीच बदललेलं नाही. कुत्री तेवढीच, खड्डे तेवढेच. उसातून काही येण्याची शक्यता जूनमध्ये जेवढी होती तेवढीच ऑक्टोबरमध्ये. बदल माझ्यात झाला: आता ती मला ठाऊक आहे. मग चुकीची कोणती, आत्ताची भीती की तेव्हाची बेफिकिरी? माझ्या धंद्यातला माणूस म्हणेल, एका घटनेवरून मॉडेल बदलू नये. खरंय. पण आधीचं मॉडेल तर शून्य घटनांवर उभं होतं.

ॲरिस्टॉटलनं निकोमाखियन एथिक्सच्या तिसऱ्या भागात धैर्यासारख्या दिसणाऱ्या, पण धैर्य नसलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्यात. शेवटची आहे अज्ञान. त्याचं उदाहरण मजेशीर आहे: आर्गोसचे सैनिक समोरच्या फौजेला सिक्योनची समजून भिडले आणि ती स्पार्टाची निघाल्यावर पळाले. ते पळाले म्हणजे त्यांचं धैर्य गेलं, असं नाही म्हणता येणार. मुळात नव्हतंच. या न्यायानं पाच वर्षं मी पन्हाळ्याच्या उतारावर जे काही दाखवत होतो, त्याचं नाव धैर्य नव्हे. ज्याला धैर्य म्हणता येईल असं काही करायची संधी मला आत्ता कुठं मिळतेय. भीती काढून टाकली तर तीही गेली.

हे मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांना सांगितलं. कोल्हापुरात कुठलंही हाड मोडलं की तालमीतला कुणीतरी बघायला येतोच. ते हळद-दूध, अंडी आणि मटणाच्या रश्शाचा सल्ला घेऊन आले होते. (रस्सा डॉक्टरांनीही नाकारला नाही.) ॲरिस्टॉटल त्यांना पटला नाही. ते म्हणाले, "आमच्याकडं पोरगं हौद्यात उतरलं, की आधी पडायला शिकतंय. डाव मागनं. तुमच्यात कोण शिकवतंय पडायला?" कुणीच नाही. सायकल शिकणं म्हणजे न पडायला शिकणं, अशीच आपली समजूत. ताक, हळद, तेल घालून मऊ केलेल्या लाल मातीत रोज पाठ टेकवणाऱ्या पोराला पडणं ही बातमी नसते. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून तिथं पडलेल्यांची संख्या जिंकलेल्यांपेक्षा कमी असणं शक्य नाही. डांबरावर मात्र असा सराव करता येत नाही, त्यामुळं वस्तादांचं उत्तर मला अर्धंच उपयोगी पडलं. एवढं मात्र कळलं, की जाणून घेऊन उतरणं ही रोजची साधी गोष्ट असू शकते. त्यासाठी दातांत रबर धरायला लागत नाही.

पण हे सगळं माझ्या आणि रस्त्याच्या दरम्यानचं झालं. खरा पेच घरात होता.

आईला मधुमेह आहे आणि गेल्या वर्षभरापासून तिचा उजवा खांदा धरलाय. फ्रोझन शोल्डर, मधुमेहात तो जास्त आढळतो. हात खांद्याच्या वर जात नाही. फडताळातला डबा ती स्टुलावर चढून काढते आणि वेणी घालताना मान वाकडी करून डोकंच हाताकडं नेते. त्याच हातानं बारा आठवडे तिनं मला शर्ट घातला, पाठीवर पाणी ओतलं. माझ्या खांद्याचे तीन एक्स-रे निघाले, फिजिओथेरपीच्या फेऱ्या झाल्या, माग्नीचा फोटो तीनदा आला. तिच्या खांद्याबद्दल विचारलं, की ती म्हणायची, "वयाचं आहे ते." दोन्ही खांदे एकाच घरात दुखत होते. एकाचं दुखणं म्हणजे पुनरागमनाची कहाणी, दुसऱ्याचं म्हणजे वय. ज्यानं हौसेनं पत्करलं त्याच्या वेदनेला दाद आणि जिच्या वाट्याला आलं तिच्या वेदनेला साधी नोंदही नाही, या वाटपाला नैतिक आधार कोणता? मला सापडलेला नाही.

मी सायकल बाहेर काढली, तेव्हा तिनं "जाऊ नको" म्हटलं नाही. म्हणाली, "तुझं हाड, तुझं तू बघ." आमच्या भागात या वाक्याचा अर्थ शब्दांच्या बरोबर उलटा असतो.

१८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त मिलनं माणसाच्या फक्त स्वतःपुरत्या गोष्टींत समाजानं पडू नये असं मांडलं. कॉलेजात ते वाचून मी भारावलो होतो. पण मिल तिथं थांबत नाही, आणि हा भाग उद्धृत करणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचित येतो. एखाद्याच्या उधळेपणामुळं त्याला घर पोसता येईना, तर तो दोषी ठरतो, असं मिल मान्य करतो. दोष उधळेपणाचा नाही, कर्तव्य मोडल्याचा. निव्वळ स्वतःपुरता धोका ही चीज आमच्या दोन खोल्यांच्या घरात असू शकते का? मी पडलो तर हाड माझं, आणि ते जुळेपर्यंत वर उचलावा लागणारा हात तिचा.

यावरून थेट 'मग सायकल सोड' इथं पोचता येईल. मी पोचत नाही. ज्याला धोक्याचा भार उचलायचा आहे त्याला नकाराधिकार द्यायचा, तर कोणतीच आई कुणाला कुठं जाऊ देणार नाही, आणि तीही स्टुलावर चढायची थांबणार नाही. तिथं माझा नकाराधिकार कोण मानतंय? पण नकाराधिकार आणि काहीच अधिकार नाही, यांच्या मध्ये बरीच जागा आहे. अटी घालायचा अधिकार तिथं बसतो. म्हणून मी तिला विचारलं, "कशा रीतीनं गेलो तर तुला चालेल?"

तिला आधी हे विचित्र वाटलं. मग तिनं चटकन अटी सांगितल्या, म्हणजे तयारच होत्या. अंधारात जायचं नाही. वाघबीळला पोचेपर्यंत उजाडलेलं पाहिजे. उसाचा हंगाम सुरू झालाय, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि रस्ताभर पाचट असतं, तेव्हा मार्चपर्यंत एकट्यानं जायचं नाही. वर पोचल्यावर फोन. आणि पाऊस पडला की दोन दिवस नाही. चौथ्या अटीवर मी घासाघीस केली, एका दिवसावर आली.

मीही एक अट घातली. फिजिओथेरपिस्टनं मला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. तिच्या डॉक्टरांना विचारलं, तिलाही चालेल म्हणाले. आता सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीशी आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो, मी डावा हात आणि ती उजवा. जिथवर पोचलो तिथं पेन्सिलीची खूण. माझी खूण नोव्हेंबरातच दाराच्या चौकटीवर गेली. तिची तीन आठवड्यांत चार बोटं वर सरकली. तिला दुखतं. ती मोठ्यांदा 'आई गं' म्हणते, आणि मग दुधाकडं बघायला जाते.

या रविवारी आम्ही चौघं पन्हाळ्याला निघतोय, साडेसहाला, म्हणजे केर्लीच्या आसपास उजाडेल. उतारावर माझी बोटं ब्रेकवरच असतील. मित्र त्यावरून चेष्टा करतात, करू देत.