फट

कोथरूडच्या एका सोसायटीने गच्चीवर बाग करायची ठरवली आणि पाइनच्या फळ्यांच्या दोन मोठ्या कुंड्या ऑनलाइन मागवल्या. चपट्या खोक्यांतून आल्या फळ्या, पट्ट्या, स्क्रूंची पुडी, एल आकाराची किल्ली आणि एकही अक्षर नसलेला नुसत्या चित्रांचा कागद. एक कुंडी सेक्रेटरी नानांनी जोडायला घेतली, दुसरी बी विंगमधल्या मुक्ताने. मुक्ता बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. नाना निवृत्त होऊनही मोकळे नव्हते.

मुक्ताने चौकटीचे स्क्रू आधी अर्धेमुर्धेच फिरवले. चारही कोपरे जागेवर आल्यावर सुतळीने दोन्ही कर्ण मापले. एक बोटभर जास्त निघाला, तसा कोपरा ढकलून सारखा केला आणि मगच एकेक स्क्रू आवळला. आधीच करकचून आवळलेली चौकट अशी हलत नाही. फळ्यांमध्ये चित्राप्रमाणे फट ठेवली. पट्टीवरची भोकं लांबट होती ती त्यासाठीच, स्क्रूला थोडं इकडेतिकडे सरकता यावं म्हणून.

नानांना ती फट बघवेना. गच्चीचं कुलूप सातला म्हणजे सातलाच लावणारा माणूस तो! "पैसे पुरते घेतात आणि फळी कमी देतात," म्हणत त्यांनी फळ्या एकमेकींना भिडवल्या, सांध्यांत पाण्याला न जुमानणारा गोंद भरला, ड्रिलने नवी भोकं पाडली आणि स्क्रू असे पिळले की डोकी लाकडात रुतली. वर उरलेल्या जागेत जुन्या पलंगाची पट्टी ठोकली. कुंडी देखणी झाली, हे कबूल करायलाच हवं. बघायला येणारे तिच्यावरून हात फिरवत. मुक्ताच्या कुंडीपाशी मात्र, "जरा खिळखिळी वाटते, नाही?"

मे महिन्यात लाकूड कोरडंठाक असतं. पावसाळ्यात ते पाणी पितं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. दहा सेंटीमीटरच्या पाइनच्या फळीला दोन-तीन मिलिमीटर म्हणजे काही फार नाही. पण नानांच्या कुंडीला एकेका बाजूला अशा पाच फळ्या, आणि आत ओली माती. जुलैत झड लागली आणि मधली फळी पोट काढून बाहेर आली. नानांनी स्क्रू आणखी आवळला. आटे गेले. मग जाडा स्क्रू घातला, तर फळी टोकापासून उभी चिरली. श्रावणात कोपरा उघडला आणि दोडक्याच्या वेलासकट माती गच्चीभर पसरली.

मुक्ताच्या फळ्याही फुगल्या. फटी जेमतेम कागद सरकेल एवढ्या उरल्या, बाकी काही झालं नाही.

नाना स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. स्क्रू निघाले, गोंद सुटेना. शेवटी करवत चालवावी लागली. मुक्ता फळ्या धरायला बसली.

"उद्याच नवी जोडतो," नाना म्हणाले.

"आत्ता ओल्या आहेत काका. अशा जोडल्यात तर उन्हाळ्यात आक्रसतील. वाळू द्या."

"आणि फट?"

"चित्रात आहे तेवढी."

नानांनी कागद मागून घेतला, चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिला. खालून घड्याळाचे सात ठोके ऐकू आले. टाकीशेजारी पोरांचा क्रिकेटचा डाव रंगात आला होता. नाना उठले, पोरांकडे पाहिलं आणि गच्चीची किल्ली मुक्ताच्या हातात दिली.

"डाव संपला की लाव कुलूप. चहा टाकायला सांगतो, खाली ये."