घाम आणि विसावा

श्रावणातील एका सकाळची गोष्ट. सात वाजत आले होते. बुलढाण्याकडून राजूर घाटाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावरून आम्ही धावत परतत होतो. 'धावत' हा शब्द येथे सौजन्याने वापरला आहे. पाहणाऱ्यास ते घाईचे चालणेच वाटले असते. समोरून निंदणाला निघालेल्या बायांचा घोळका येत होता. हातात खुरपे, कडेला शिदोरीचे फडके. त्यांतील दोघी आमच्याच धर्मग्रामातील. एकीने थांबून मोठ्या काळजीने विचारले, "काहून पयता जी फादर? मांगं कुत्रं लागलं काय?"

सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. "तब्येतीसाठी पळतो, बाई," असे उत्तर दिले. त्यावर घोळक्यातील एक वयस्क बाई जाता जाता सहज म्हणाली, "बरं हाये. आमाले तं कामच पुरते." त्या बोलण्यात उपरोध नव्हता. तरीही ते वाक्य आमच्यासोबत घरापर्यंत आले आणि पुढे अनेक महिने आमच्या सोबतच राहिले. वाचकांपुढे आज जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो त्या बाईने त्या चार शब्दांत मांडला होता.

आधी थोडे आमच्या पळण्याविषयी. धर्मगुरूचे जीवन बाहेरून कष्टाचे दिसते आणि अनेक अर्थांनी ते तसे असतेही. परंतु ते कष्ट मोटारसायकलवर बसून, खुर्चीवर बसून आणि पुष्कळदा पंगतीत बसून होतात. घरभेटीस गेल्यावर पुढे आलेली पुरणपोळी नाकारणे हा यजमानाचा अपमान, हे आम्ही इतक्या निष्ठेने मानले की पन्नाशी ओलांडताना रक्तातील साखर वाढली आणि वेदीच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत समज दिली. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले आहे. त्या गर्दीत आणखी एकाची भर घालण्याची आमची इच्छा नव्हती.

धर्मग्रामातील एका तरुण क्रीडाशिक्षकाने युक्ती सुचवली. "फादर, नुसते 'फिरा' म्हटले तर तुम्ही आठ दिवस फिराल. पुढे एखादी तारीख हवी." ती तारीख होती एका ड्युएथलॉनची. हा शब्द आमच्याप्रमाणेच अनेक वाचकांना नवा असेल. या स्पर्धेत प्रथम धावावयाचे, मग सायकल चालवावयाची आणि सायकलवरून उतरून पुन्हा धावावयाचे. पूर्ण अंतर दहा, चाळीस आणि पाच किलोमीटर. लहान प्रकारात त्याच्या निम्मे, म्हणजे पाच, वीस आणि अडीच. आम्ही अर्थातच लहान प्रकार निवडला. आमच्या विदर्भाला हे वेड अगदीच परके नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये रशियातील नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही. त्यांच्यापुढे आमचे वीस किलोमीटर म्हणजे अंगणातील फेरी. तरीही पंचावन्नाव्या वर्षी अंगणसुद्धा मोठे वाटू लागते.

पहिले काही आठवडे आमच्या मनात एक संकोच होता. देवाच्या सेवेसाठी वाहिलेला वेळ स्वतःच्या पोटऱ्यांवर खर्च करावा काय? आमच्या पिढीला सेमिनरीत शरीराकडे थोडे संशयाने पाहण्याची सवय लागली होती. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या शरीराला 'गाढव भाऊ' म्हणत. ते ओझे वाहणार, चाबूक खाणार आणि मिळेल तो चारा चघळणार. परंतु त्याच संताने आयुष्याच्या अखेरीस या गाढव भावाशी आपण फार कठोर वागलो अशी कबुली दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गाढवाची क्षमा मागणारा संत आम्हांला गाढवाला मारणाऱ्या संताहून थोर वाटतो.

ख्रिस्ती श्रद्धा शरीराला आत्म्याचा तुरुंग मानत नाही. देवाच्या पुत्राने देह धारण केला, तो देह थकला, तहानला, विहिरीच्या काठावर टेकला. श्रद्धेच्या अंगीकारात आपण शरीराच्या पुनरुत्थानाची ग्वाही देतो; केवळ आत्म्याच्या अमरत्वाची नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर ठासून सांगितले की केवळ आत्मा म्हणजे 'मी' नव्हे. संत पौल दीड वर्ष करिंथ नगरात राहिले. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट चढे. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्यांना धावपटूची उपमा सुचली असावी. ग्रीक भाषेत मल्लाच्या सरावाला जो शब्द होता, 'आस्केसिस', तोच पुढे साधूंच्या तपश्चर्येला लागला. तालीम आणि तपश्चर्या या एका घरच्या बहिणी आहेत. परमपीठानेही २०१९ मध्ये 'अथलेतिका वातिकाना' या नावाने आपली क्रीडासंस्था उभी केली. तिच्यात स्विस गार्ड आणि धर्मगुरू एकत्र धावतात.

मात्र याच श्रद्धेने दुसरा धोकाही दाखवून दिला आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ आरोग्याला देवाने सोपविलेली मौल्यवान देणगी मानतो आणि तिची वाजवी काळजी घेण्यास सांगतो. परंतु शरीराचीच पूजा बांधण्यास तो ठाम विरोध करतो. ही पूजा कशी सुरू होते, हे आम्ही स्वतःवरूनच सांगू शकतो. दोन महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले आणि आम्ही येता-जाता आरशात डोकावू लागलो. घरभेटीस गेल्यावर कुणी "फादर, बारीक झालात" म्हणावे, यासाठी आम्ही दारातच थोडे रेंगाळू लागलो. पूर्वी पुरणपोळीचा मोह होता, आता न खाण्याचा अहंकार होता. मोहाने नुसता वेष बदलला होता.

तरीही आमच्या मनातील मुख्य प्रश्न हा नव्हता. तो प्रश्न त्या बाईंचा होता. आम्हांला घाम येतो, त्यांनाही येतो. आमचा घाम आरोग्य देतो, मग त्यांचा का देत नाही? वर्षानुवर्षे निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी करणाऱ्या या माउल्यांनी खरे तर सर्वांत सुदृढ असावयास हवे. प्रत्यक्षात पन्नाशीच्या आतच त्यांची कंबर वाकते, गुडघे धरतात. डेन्मार्कमधील काही संशोधकांनी याच कोड्याचा अभ्यास केला आहे. फावल्या वेळचा व्यायाम हृदयाला हितकारक ठरतो. पोटासाठी दिवसभर करावे लागणारे जड काम मात्र तसा लाभ देताना दिसत नाही, उलट अपायही करू शकते, असे त्यांचे निरीक्षण आहे. कारणे अगदी साधी आहेत. व्यायाम थोडा वेळ असतो, काम आठ-दहा तास. व्यायाम आपण ठरवतो, काम मालक ठरवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यायामानंतर विश्रांती असते.

आमच्या क्रीडाशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात हे सूत्र सांगितले होते. धावण्याने स्नायू बळकट होत नाही, तो थकतो आणि दुखावतो. बळ येते ते नंतर, झोपेत आणि सुटीच्या दिवशी. त्याने दिलेल्या वेळापत्रकात सोमवारच्या रकान्यात 'पूर्ण विश्रांती' असे लिहिले होते, आणि त्याखाली रेघ ओढली होती. म्हणजे आम्ही सुधारत होतो ते घामामुळे नव्हे. घामानंतर मिळणाऱ्या विसाव्यामुळे. त्या बायांपाशी घाम भरपूर होता. विसावा नव्हता.

येथे आम्हांला दहा आज्ञांची आठवण झाली. शब्बाथ पाळण्याची आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी येते. निर्गमाच्या पुस्तकात तिचे कारण देवाचा सातव्या दिवसाचा विसावा हे आहे. अनुवादाच्या पुस्तकात मात्र वेगळे कारण दिले आहे: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखी विश्रांती मिळावी, कारण तूही एकेकाळी मिसर देशात दास होतास. बैल आणि गाढवही त्या आज्ञेच्या छायेत येतात. विश्रांती ही मालकाने दिलेली बक्षिशी नव्हे, तो दासाचा हक्क आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये आपल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. माणसाचे शरीर झिजून जाईल आणि बुद्धी बधिर होईल इतके काम घेणे अन्यायाचे आहे आणि खर्च झालेल्या शक्तीच्या मानाने विश्रांती मिळावयास हवी, असे त्यांनी बजावले. हे परिपत्रक आम्ही सेमिनरीत अभ्यासले होते, त्यावर परीक्षाही दिली होती.

आणि तरीही आमच्याच स्वयंपाकघरात काय चालले होते, ते आमच्या ध्यानात आले नाही. शनिवारी आम्ही पहाटे पाच वाजता सायकल घेऊन निघत असू. निघण्यापूर्वी टेबलावर गरम चहा, दोन केळी आणि उकडलेले अंडे तयार असे. आम्ही ते खाऊन निघत असू. एका शनिवारी दिवे गेले होते म्हणून आम्ही कंदील शोधत स्वयंपाकघरात गेलो. मावशी चुलीपाशी बसल्या बसल्याच भिंतीला टेकून झोपल्या होत्या. गॅस संपला म्हणून त्यांनी साडेतीन वाजता उठून चूल पेटवली होती. त्या सकाळी आम्ही सायकल बाहेर काढली नाही. त्यांना विचारले, "मावशी, तुम्ही शेवटची सुटी कधी घेतली?" त्या गोंधळल्या. "सुटी? लेकीच्या बाळंतपणाले गेली होती तवा." ती लेकीची मुलगी आता शाळेत तिसरीला आहे.

आमच्या पायांना दर सोमवारी मिळणारी विश्रांती आमच्या घरातील एका बाईला आठ वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. इतकेच नव्हे, आमच्या नव्या आरोग्याचा काही भाग तिच्या झोपेतून कापून घेतलेला होता. ही कबुली लिहिताना लेखणी अडखळते. पण ती लिहिली नाही तर या लेखात बाकी काय उरते?

आता सोमवारी धर्मग्रामाच्या घरातील चूल मावशींच्या हातची नसते. पगार पूर्ण, दिवस त्यांचा. शनिवारची केळी आम्ही आदल्या रात्रीच काढून ठेवतो. सोमवारचा वरणभात आम्ही शिजवतो आणि सहायक फादर तो निमूटपणे खातात. तेही एक प्रकारचे प्रायश्चित्तच. यात मोठेपणा काहीच नाही. जे देणे आठ वर्षांपूर्वीच द्यावयास हवे होते, ते उशिरा दिले, एवढेच.

स्पर्धा हिवाळ्यात पार पडली. पहिले पाच किलोमीटर उत्साहात गेले. सायकलवरही बरे चालले होते. परंतु सायकलवरून उतरून पुन्हा धावू लागलो तेव्हा पाय आपले राहिले नव्हते. जणू कुणी दुसऱ्याचेच लाकडी पाय उसने आणून जोडले होते. या खेळाची खरी परीक्षा त्या शेवटच्या अडीच किलोमीटरांत आहे, असे जाणकार सांगतात. ताज्या पायांनी कोणीही धावतो. थकल्या पायांनी पुन्हा त्याच वाटेवर उतरावे लागते. त्या वाटेवर आम्हांला निंदणाच्या बाया आठवल्या. दुपारी भाकर खाऊन त्या पुन्हा ओळीत बसतात, ते थकल्या पायांनीच. आणि त्यांच्या वाटेच्या शेवटी पाण्याची बाटली घेऊन कोणी उभे नसते. आम्ही पोहोचलो तेव्हा कार्यकर्ते दोऱ्या गुंडाळत होते. गळ्यात पदक पडले. ते आता मावशींची नात खेळावयास नेते.

मग व्यायाम करावा की करू नये? अवश्य करावा. ज्याचे काम बैठे आहे त्याने तर कर्तव्य म्हणून करावा. शरीर ही देवाची ठेव आहे आणि ठेव कुजवणे हाही एक प्रकारचा अपहार आहे. परंतु मिळवलेले बळ कोणाच्या कामी येते, हेही विचारावे. इटलीचा थोर सायकलपटू जिनो बार्ताली श्रद्धावान कॅथलिक होता. १९३८ आणि १९४८ अशी दोन वेळा त्याने फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. या दोन विजयांच्या मधल्या युद्धकाळात सरावाच्या निमित्ताने तो फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत सायकल दामटीत असे आणि सायकलच्या नळीत छळ होत असलेल्या ज्यूंसाठी बनवलेली ओळखपत्रे दडवलेली असत. हयातभर त्याने त्याची वाच्यता टाळली. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. त्याच्या पायांतील बळ इतरांच्या जिवासाठी खर्च झाले.

बार्तालीची सायकल आपल्यापाशी नाही, पण प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी 'मावशी' असते: धुणीभांडी करणारी, शेतावर राबणारी, दुकानात दिवसभर उभा राहणारा पोर, आणि पुष्कळ घरांत ती आपली आईच असते. प्रिय वाचकहो, या रविवारी मिस्सेहून परतल्यावर आपल्या घरातील सुटीचा हिशेब मांडून पाहा. आपण कोणाच्या झोपेवर ताजेतवाने होत आहोत, हे एकदा विचारा. उत्तर मिळाल्यावर खुशाल धावावयास जा. वाटेत निंदणाच्या बाया भेटल्या आणि त्यांनी "काहून पयता?" असे विचारले, तर निदान उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही.